विहीणबाईंबरोबर कुमानोच्या डोंगरात

जपानला जाऊन आले, आणि तेही चालत! म्हणजे गेले विमानानंच, पण तिथे पोचल्यावर पाच दिवस डोंगर तुडवले. कुमानो कोदो म्हणतात त्या वाटांना. हजार वर्षं जपानी माणसं, राजेरजवाड्यांपासून भिकाऱ्यांपर्यंत सगळी, तीन मोठ्या देवस्थानांच्या दर्शनाला या वाटांनी चालत आली आहेत. साउथहॅम्प्टनला परतून तीन महिने झाले, तरी मी अजून भेटेल त्याला धरून फोटो दाखवत असते. आमचे हे तर मी फोन हातात घेतला की चहा करायला उठतात. म्हटलं, लिहूनच काढावं.

खरं तर मी मैत्रिणीबरोबर जाणार होते. निघायला तीन आठवडे असताना ती बागेत पाय मोडून बसली. वॉकिंग हॉलिडे गाइडेड, ग्रुप ठरलेला, आणि एक जागा रिकामी. ग्लासगोहून माझी लेक मैत्रेयी म्हणाली, "आई, तू आईंना घेऊन जा ना!"

आई म्हणजे तिच्या सासूबाई. माझ्या विहीणबाई, शालिनीबाई. वय अडुसष्ट, मिरजेच्या, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले. सहा महिन्यांसाठी लेकाकडे ग्लासगोला आल्या होत्या.  विहिणीबरोबर लग्नात चार तास काढताना माणूस घामाघूम होतं, इथे एका खोलीत सहा रात्री काढायच्या!

त्यात जावयाचा फोन आला. निनाद डॉक्टर आहे, गुणाचा आहे, मला अजून काकूच म्हणतो. "काकू, मी आईसाठी पुण्यात सीनियर लिव्हिंगमध्ये एक खोली बघून ठेवलीये. परत गेली की तिथे राहील, मिरजेचं घर बंद करू. ती ऐकत नाही. म्हणते, डोंगर चालून दाखवते, मग तरी मला माझ्या घरात राहू देशील? काकू, तुम्ही तीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत काढलीत, माणसं ओळखता. तिला एकटीला झेपेल का, ते बघून मला सांगा. तुम्ही हो म्हणालात तर मिरज, नाही म्हणालात तर पुणे. फक्त तिला कळू देऊ नका."

जावयानं एवढा विश्वास टाकला म्हटल्यावर मी फुशारले. "तू काळजीच करू नकोस," म्हणाले. हेरगिरी कबूल करून बसले, दुसरं काय!

ताकीजिरी ते ताकाहारा

आम्ही आठजण, सगळे यूकेहूनच आलेले. त्यातला यॉर्कशायरचा डेरेक, रिटायर्ड पोस्टमन, आमच्या पुढेमागे असायचा. आमची गाइड केइको, पन्नाशीची, चणीनं चिमणी, पण हिच्या पायात काय स्प्रिंग बसवलेत कुणास ठाऊक. वाटेत छोटी छोटी देवळं लागतात, त्यांना ओजी म्हणतात. प्रत्येक ओजीपाशी एक लाकडी पेटी, आत रबरी शिक्का आणि शाईचं पॅड. आपल्या वहीत आपणच शिक्का मारून घ्यायचा. पहारेकरी नाही, कुलूप नाही! "आपल्याकडे शिक्का दुसऱ्या दिवशी राहिला असता का हो?" मी म्हटलं. शालिनीबाई म्हणाल्या, "शिक्का राहिला असता. पॅड गेलं असतं." त्यांनी शिक्का अगदी चौकटीच्या मधोमध उमटवला. माझा तिरका पडला.

सुरुवातीलाच अंगावर येणारी चढण. आभाळाला टेकलेली सुरूसारखी उंच सरळ झाडं, मुळांच्या पायऱ्या आणि सगळीकडे हिरवंगार शेवाळ. थोडं चढल्यावर एक अजस्र खडक, त्याच्या पोटातून सरपटत वर निघायची एक चीर. केइको म्हणाली, या चिरेतून जी बाई पार होते तिचं बाळंतपण सोपं होतं. आम्हा दोघींची बाळंतपणं उरकून तीस-पस्तीस वर्षं झालेली! तरी शालिनीबाईंनी ट्राउझर वर खोचली आणि सुळकन पार. मी कशी मागे राहीन? आत शिरले आणि पाठीवरच्या सॅकसकट घट्ट अडकले. ना पुढे, ना मागे. वरून शालिनीबाई हात ओढताहेत, खालून डेरेक माझे बूट ढकलतोय, आणि केइको जपानीत बहुधा देवाचा धावा करतेय. बाहेर आले तेव्हा कोपर सोललेलं आणि टोपीत कोळ्याचं जाळं. "मुलगी झाली," शालिनीबाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या. मी इतकी हसले की तिथेच फतकल मारून बसले. या बाई विनोद करतात हे मला मुलांच्या लग्नानंतर चार वर्षांनी कळत होतं!

संध्याकाळी ताकाहारा. डोंगराच्या कुशीत पंधरा-वीस घरं, अंगणात सोलून दोरीला टांगलेली जपानी फळं. दिसायला टोमॅटोसारखी, पण वाळली की खजुरासारखी लागतात. जेवणात लाल रंगाचं एक खारवलेलं फळ आलं. ग्रुपमधल्या सगळ्यांची तोंडं वेडीवाकडी झाली. शालिनीबाईंनी चाखलं आणि डोळेच मिटले. "अहो, हे तर लोणचं! मीठ जरा जास्त झालंय, पण हाताला चव आहे बाईच्या." मग केइकोकडून सगळी कृती विचारून घेतली. पानांत अळकुड्याही होत्या, उकडून गोडसर केलेल्या. जगाच्या दुसऱ्या टोकाला अळकुडी! मला तर आनंदानं काय करू आणि काय नको असं झालं.

चिकात्सुयू

दुसऱ्या दिवशी दहा किलोमीटर. दुपारनंतर पाऊस लागला, पण तोवर वाट अशी काही सुंदर होती की मी भिजत गाणी म्हणत होते. जेवायला मोहरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेले भाताचे गोळे होते. शालिनीबाई म्हणाल्या, यात जिरं आणि मिरचीची फोडणी हवी होती. बोलता बोलता मिरजेचं निघालं. सकाळी सातला तीन मुली गणिताला येतात. नऊला पेपर, तो अंथरुणावर पसरून, हवा तितका वेळ. "पुण्याच्या त्या ठिकाणी आठला नाश्ता, साडेआठला प्रार्थना, नऊला योगा. लाडवाचा डबासुद्धा खोलीत ठेवायचा नाही म्हणे. आणि वसुधाबाई, मिरजेला लोक बाहेरगावाहून डॉक्टर गाठायला येतात. मी तिथून बाहेर कशाला जाऊ?" मी मनात नोंद केली, मुद्दा बिनतोड आहे.

मुक्कामाचं घर घरगुती. जोडे दारात काढायचे. तिथे आमचं "आधी तुम्ही", "छे छे, आधी तुम्ही" चालू झालं. विहिणीच्या पुढे घरात पाऊल कसं टाकायचं! त्या नादात केइको आत सगळ्यांना काहीतरी समजावून सांगत होती, ते दोघींनीही ऐकलं नाही. आणि तिथेच घोळ झाला.

अंघोळीची पद्धत मात्र आधीच ठाऊक होती. बुटक्या स्टुलावर बसून, छोट्या भांड्यानं अंगावर पाणी घेत स्वच्छ व्हायचं, आणि मग गळ्यापर्यंत येणाऱ्या गरम पाण्याच्या टबात बसून राहायचं. बाकीचे बिचकत होते, आम्ही खूश. पाट, बादली, तांब्या, आपलंच न्हाणीघर की हो! घरात टब एकच, प्रत्येक जोडीला अर्धा तास, पहिला नंबर आमचा. दोघींनी एकदम जायचं असं केइकोनं धरलेलं. विहिणी-विहिणी एकदम न्हाणीत? मी जीभच चावली. पहिली पंधरा मिनिटं मी, पुढची त्या, असं ठरलं. अर्थात "आधी तुम्ही" करूनच.

त्या टबात बसले आणि दिवसभराचा शीण कुठल्या कुठे गेला. बाहेर पाऊस, आत वाफ. अहाहा! निघाले, अंग पुसलं आणि डोक्यात आलं, आता माझ्या विहीणबाई माझ्या अंघोळीच्या पाण्यात बसणार? शिव शिव! उद्या लेकीला ऐकावं लागेल, तुझ्या आईनं मला उष्टं पाणी दिलं म्हणून. मी वाकून बूच ओढलं. सगळं पाणी घळघळ वाहून गेलं. वर मी तो टब स्पंजनं घासूनही काढला. नळ सोडला तर करंगळीएवढी कोमट धार.

"टब रिकामाय, भरेल हळूहळू," असं सांगून मी बाहेर आले. शालिनीबाई आत गेल्या. पाच मिनिटांत घराची मालकीण टॉवेल ठेवायला आली आणि किंचाळलीच. आम्ही धावलो. दुपारपासून तापवलेलं ते पाणी आठही जणांसाठी होतं. सगळे बाहेरच स्वच्छ होऊन येतात, म्हणून पाणी एकच. बूच काढायचं नाही, हेच केइको दारात सांगत होती! पुन्हा टब भरून तापायला दीड तास. बाहेर पॅसेजमध्ये सहा माणसं भिजलेल्या कपड्यांत, दात वाजवत उभी.

मालकीण बघत होती शालिनीबाईंकडे. त्याच तर तिथे उभ्या होत्या, अजून कपड्यांतच, शेजारी रिकामा टब. शालिनीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. दोन दिवस मी या ग्रुपला जगभर फिरल्याच्या गोष्टी सांगत होते, चॉपस्टिक कशी धरावी ते शिकवत होते. तोंड उघडलं आणि मिटलं. 

शालिनीबाई कमरेत वाकल्या. "व्हेरी सॉरी," म्हणाल्या. "माय मिस्टेक."

आणि एवढ्यावर थांबल्या नाहीत. जेवणाआधी निनादचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा हसत हसत त्यालाही सांगितलं, "अरे, आज मी अख्ख्या टबाचं पाणी सोडून दिलं!" दहा मिनिटांनी माझ्या फोनवर मेसेज. "काकू, बघितलंत ना? उद्या गॅस चालू ठेवला तर? मी या आठवड्यात पुण्याची खोली पक्की करतो."

 उद्या सांगते, म्हटलं. सकाळी शांतपणे सांगते.

होंगू

सकाळी सांगितलं नाही. सकाळ इतकी लखलखीत उगवली की मी स्वतःलाच फसवलं, आता कशाला मूड घालवायचा! थोडी वाट बसनं आणि पुढे चहाच्या मळ्यांतून चालत होंगू. घरांबाहेर संत्र्यांच्या पिशव्या ठेवलेल्या, दुकानदार नाही. डब्यात नाणं टाका आणि संत्री घ्या. एका वळणावर झाडं दूर झाली आणि खाली खोऱ्यात देवस्थान दिसलं. इथे पोचल्यावर जुने यात्रेकरू आनंदानं जमिनीवर लोटांगण घालत. मी पण घातलं! लोटांगण म्हणजे साष्टांगच, चिखलात. शालिनीबाईंनी फोटो काढला.

नदीकाठी देवस्थानाची ती प्रसिद्ध प्रवेशकमान. अहो, केवढी! भाताच्या शेतांच्या मधोमध उभी, आणि तिच्याखाली माणसं मुंग्यांएवढी. मी तोंडाचा आ वासून बघतच राहिले. आणि देवळात जिकडेतिकडे कावळा, तोही तीन पायांचा. इथे कावळा हा देवाचा दूत, वाट दाखवणारा. मी केइकोला सांगितलं की आमच्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवला तर गेलेल्या माणसाची इच्छा पुरी झाली म्हणायचं.

"आमच्या ह्यांच्या वेळी लगेच शिवला," शालिनीबाई म्हणाल्या. "सगळे बघत राहिले. मी म्हटलं, बरोबर आहे. ह्यांना माझी काळजी नव्हती. बँकेचं, लाइटबिलाचं, सगळं मीच बघत होते पस्तीस वर्षं." मग जरा थांबून, "निनादला मात्र आई म्हणजे काच वाटते."

 सांगून टाक, वसुधा, सांगून टाक! तेवढ्यात केइको म्हणाली, चला, आज गरम झऱ्यात अंडी उकडायची आहेत. आणि मी चालायला लागले. खोटं कशाला बोलू, अंड्यांना गेले मी. रस्त्याकडेला चौकोनी कुंड, उकळतं पाणी, जाळीच्या पिशव्या दोरीनं खाली सोडायच्या. शालिनीबाईंनी त्यात रताळी उकडली आणि डेरेकला सोलून भरवली. अंड्यांना जरा गंधकाचा वास होता. छानच लागली.

कोगुची ते नाची

चौथा दिवसही तसाच गेला. मावळतीला दूरवर एकामागे एक निळे डोंगर दिसले, केइकोनं थर्मासमधून चहा दिला, आणि मी गप्प राहिले. कोगुचीला तिनं सगळ्यांना बसवून सांगितलं, उद्याचा दिवस सगळ्यात अवघड. पहिल्या चढणीचं नावच 'अंग मोडणारी'. एकदा निघालं की मध्ये रस्ता नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी सामानाच्या गाडीनं जावं. मी गाडीकडे आशेनं बघत होते. शालिनीबाई बुटांच्या लेस आवळत होत्या.

सकाळी सातला निघालो. दगडी पायऱ्या, वर पायऱ्या, त्यावर पायऱ्या. कुणी मोजून रचल्यात असं वाटत नाही, एक घोट्याएवढी आणि पुढची गुडघ्याएवढी. तासाभरात माझी फेफे उडाली. डेरेक म्हणाला, चाळीस वर्षं पत्रं वाटली पण असा जिना बघितला नाही. शालिनीबाई मात्र एका लयीत. दर शंभर पायऱ्यांना थांबत, दोन घोट पाणी पीत, पुन्हा शंभर. मी धावायची, थांबायची, परत धावायची. शेवटी एका ओल्या दगडावर बूड टेकलं. "मी संपले. तुम्ही जा."

"शंभर मोजायचे," त्या म्हणाल्या. "एकशेएकावीचा विचारच करायचा नाही. उठा." आणि माझी सॅक काढून स्वतःच्या छातीवर अडकवली. पुढे एक, मागे एक! अडुसष्ट वर्षांची बाई!

तिथेच मला रडू फुटलं. "शालिनीबाई, ते बूच मी काढलं होतं. तुम्हाला ठाऊक होतं. का घेतलंत अंगावर?"

"सहा माणसं कुडकुडत होती. त्या बाईला कुणीतरी सॉरी म्हणायला हवं होतं. तुम्ही तोंड उघडेपर्यंत पाणी तापून परत गार झालं असतं."

"मग निनादला कशाला सांगितलंत?"

"डेरेकनं ग्रुपवर फोटोबिटो टाकले असते, ते निनादपर्यंत पोचले असते. विहीण माझ्या बरोबर आलेली, तिचं हसं माझ्या लेकाच्या घरात व्हायला नको. मैत्रेयीला त्या घरात ताठ मानेनं राहायचंय."

मग राहवेना. सगळं ओकले. निनादचा फोन, माझी हेरगिरी, हो म्हणालात तर मिरज, नाही म्हणालात तर पुणे, आणि पाण्याच्या रात्रीचा तो मेसेज. "तुमची मिरज त्या टबात गेली, शालिनीबाई. माझ्यामुळे."

 त्यांचा चेहरा असा उतरला की त्या डोंगरानं मला पोटात घेतलं तर बरं, असं वाटलं. "म्हणजे चार दिवस माझ्या शेजारच्या गादीवर झोपून तुम्ही माझे मार्क मांडत होतात," एवढंच म्हणाल्या. माझी सॅक माझ्या हातात दिली आणि चालायला लागल्या. पुढचे पाच तास आम्ही एक अक्षर बोललो नाही. त्या पुढे, मी मागे. मी मनात शंभर मोजत होते. त्यांनीच शिकवलेलं मोजत होते आणि रडत होते, आणि आश्चर्य म्हणजे चढण संपली!

खिंडीतून समुद्र दिसला. पुढे उतार, आणि झाडीतून अचानक तो नाचीचा धबधबा, पांढराशुभ्र, डोंगराच्या माथ्यावरून थेट खाली, शेजारी लालभडक पॅगोडा. सगळे ओरडले. केइकोनं प्रत्येकाला मिठी मारली. मी पायऱ्यांच्या कठड्याला टेकून फोन काढला. ग्लासगोत सकाळचे सात. शालिनीबाईंच्या समोर स्पीकर लावला.

"निनाद, त्या टबाचं पाणी मी सोडलं. तुझ्या आईनं नाही. मी तीन दिवस गप्प बसले, कारण मला लाज वाटत होती. आणि तुझ्या आईनं आज जो डोंगर पार केला, तो मी एकटीनं केला नसता."

पलीकडून, "काकू... तुम्ही?" आणि मागे माझ्याच लेकीचं हसू. जावयापुढे माझी जी काही पत होती ती तिथे धबधब्यात वाहून गेली. निनाद सावरून म्हणाला, "मग काकू, तुमचं काय मत? आईला एकटीला झेपेल?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण शालिनीबाईंनी फोन हातातून घेतला.

"निनाद, त्यांना काय विचारतोस? मी परीक्षेला बसले होते ती माझ्या मनानं, तुला धीर यावा म्हणून. परीक्षक मी नेमला नव्हता. मी पडले तर पडेन, आजारी पडले तर फोन करीन, आणि तू येशील, कारण तू माझा चांगला मुलगा आहेस. पण पडायच्या आधीच मला उचलून ठेवू नकोस, बाळा."

निनाद म्हणाला, "बरं, आई. मिरज."

त्यांनी फोन मला परत दिला. माझ्याकडे बघितलं नाही. "वसुधाबाई, मी अजून रागावलेली आहे," म्हणाल्या. "उद्यापर्यंत राहीन. चला, शिक्का मारायचा राहिलाय."

डिसेंबरात त्या मिरजेला गेल्या. आता दर रविवारी आमचा फोन असतो. गेल्या रविवारी त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खुललेला होता. मी विचारलं, काय विशेष?

"अहो, काल दिवसभर लाइट नव्हती. मुलींना सुट्टी. फोन बंद पडला, बेल वाजेना. पिठलं केलं, भाकरी केली, पेपर वाचला. सकाळपासून रात्रीपर्यंत माझ्याशी एक माणूस बोललं नाही. काय बरं वाटलं म्हणून सांगू!"

हे मी निनादला कळवलेलं नाही.